निसर्गाची आकाशवाणी

पुराणांतील कथांमध्ये आकाशवाणी झाल्याचे प्रसंग तुम्ही वाचले असतील. कंसाला त्याच्या मृत्यूची सूचना आकाशवाणीनेच मिळाली, असे कथाकार सांगतात. पुढे आपल्या देशातील रेडिओ केंद्रांना हेच सुंदर नाव लाभले आणि आकाशवाणी घरोघर जाऊन पोहोचली. परंतु या दोहोंहून निराळी अशी एक तिसरी आकाशवाणी आहे. तिला केंद्र नाही, निवेदक नाही आणि कार्यक्रमपत्रिकाही नाही. मनुष्य पृथ्वीवर अवतरण्याच्या कितीतरी आधीपासून ती अहोरात्र चालू आहे. तिचे प्रक्षेपण आकाशातील वीज करीत असते, आणि थोड्याशा साहित्यातून घरी तयार केलेल्या यंत्राने ती कोणालाही ऐकता येते. या निसर्गनिर्मित आकाशवाणीचा आज आपण परिचय करून घेऊ.

वळवाच्या दिवसांत सह्याद्रीच्या माथ्यावर ढग जमू लागले, की ट्रान्झिस्टरवरील गाण्यात मध्येच 'खर्र, कट्' असे आवाज मिसळू लागतात. घरातील माणसे त्रासून म्हणतात, "आज रेडिओ नीट लागत नाही." वास्तविक त्या वेळी रेडिओ आपले काम चोख करीत असतो. तो गाण्याबरोबर विजेचाही संदेश ऐकवीत असतो. वीज चमकते तेव्हा हवेतून प्रचंड विद्युतप्रवाह क्षणार्धात वाहतो. त्यापासून डोळ्यांना दिसणारा प्रकाश उत्पन्न होतो, कानांना ऐकू येणारा गडगडाट उत्पन्न होतो, आणि त्याच क्षणी डोळे व कान या दोघांनाही न कळणारे रेडिओतरंग चहूकडे पसरतात.

गडगडाट हा हवेतून जाणारा ध्वनी होय. एक किलोमीटर अंतर तोडण्यास त्याला सुमारे ३ सेकंद लागतात, आणि वीस-पंचवीस किलोमीटरांच्या पलीकडे तो सहसा ऐकू येत नाही. रेडिओतरंगांचा वेग मात्र प्रकाशाइतकाच, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर असतो. ३,००० किलोमीटर दूर चमकलेल्या विजेची वार्ता ते सेकंदाच्या शंभराव्या भागात आपल्यापर्यंत आणून पोहोचवतात. कृत्रिम उपग्रहांनी केलेल्या निरीक्षणांवरून असे आढळले आहे, की संपूर्ण पृथ्वीवर सरासरीने दर सेकंदाला सुमारे ४४ वेळा वीज चमकते. म्हणजे तुमच्या गावावरील आकाश पूर्णपणे निरभ्र असले, तरी कोठल्या ना कोठल्या समुद्रावर अथवा अरण्यावर विजेचे तांडव चालूच असते, आणि त्याचे तरंग तुमच्या अंगणावरून जात असतात.

मग ते आपल्याला ऐकू का येत नाहीत? आपला कान फक्त हवेची कंपने ओळखतो. रेडिओतरंग ही हवेची कंपने नव्हेत; ती विद्युत व चुंबकीय बलांची कंपने होत. एका सेकंदात जितकी कंपने होतात त्या संख्येस कंपनसंख्या म्हणतात आणि ती हर्ट्झ या एककात मोजतात. निरोगी कानाला सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ कंपनसंख्येचे ध्वनी ऐकू येतात. नेहमीच्या रेडिओ केंद्रांच्या तरंगांची कंपनसंख्या लक्षावधी हर्ट्झ असते. म्हणून त्यांवर स्वार होऊन आलेले गाणे वेगळे काढण्यासाठी यंत्रात खास योजना करावी लागते. विजेपासून निघणारे तरंग अनेक कंपनसंख्यांचे असले, तरी त्यांतील सर्वांत प्रबळ तरंग ५,००० ते १०,००० हर्ट्झच्या आसपास असतात. हे तर आपल्या कानाचेच क्षेत्र! तेव्हा या तरंगांमुळे तारेत उत्पन्न होणारी सूक्ष्म विद्युत कंपने मोठी करून इअरफोनमध्ये सोडली, की त्यांचा जसाच्या तसा ध्वनी होतो. निसर्गाने जणू आपल्या कानाच्या मापाचेच हे प्रक्षेपण योजले आहे.

३,००० ते ३०,००० हर्ट्झ कंपनसंख्येच्या तरंगांना 'अतिनिम्न कंपनसंख्येचे तरंग' असे म्हणतात. ते फार लांब असतात. १०,००० हर्ट्झच्या एका तरंगाची लांबी ३० किलोमीटर भरते. असे तरंग समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही काही मीटर खोल शिरू शकतात. म्हणून पाणबुड्यांना संदेश पाठवण्यासाठी माणूसही त्यांचा उपयोग करून घेतो. तमिळनाडूतील तिरुनेलवेली जिल्ह्यात भारतीय नौदलाचे या कामाचे एक केंद्र आहे.

ही निसर्गाची आकाशवाणी मनुष्याने प्रथम ऐकली ती अगदी योगायोगाने. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८७६ मध्ये टेलिफोनचा शोध लावला. त्याचा सहकारी थॉमस वॉटसन हा बॉस्टन शहरात अर्धा मैल लांबीच्या टेलिफोनच्या तारेला कान लावून रात्री बसत असे. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणी बोलत नसतानाही त्याला चित्रविचित्र कटकट व चिवचिव ऐकू येई. त्या काळी शहरांत विजेच्या तारांचे जाळे पसरलेले नव्हते. म्हणूनच त्या एकाकी तारेला आकाशाची भाषा इतकी स्पष्ट कळली. पुढे पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोनवरील संभाषण चोरून ऐकण्यासाठी जर्मन सैन्याने जमिनीत धातूचे खुंट पुरून त्यांना विवर्धक जोडले. तेव्हा संभाषणाच्या जोडीला लांबलचक, उतरत जाणाऱ्या शिळा ऐकू येऊ लागल्या. जणू तोफगोळेच उडत आहेत, असे सैनिकांना वाटे. हाइन्रिक बार्कहाउझेन या शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये या शिळांचे वर्णन प्रसिद्ध केले.

या शिळांचे कोडे केंब्रिज विद्यापीठातील स्टोरी या तरुण संशोधकाने १९५३ मध्ये उलगडले. विजेपासून निघालेले काही तरंग वातावरण ओलांडून वर जातात आणि पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांच्या वाटेने अवकाशातून प्रवास करून दुसऱ्या गोलार्धात उतरतात. वाटेत उच्च कंपनसंख्येचे तरंग पुढे निघून जातात आणि नीच कंपनसंख्येचे मागे रेंगाळतात. त्यामुळे क्षणभराच्या कटकन् आवाजाची एक-दोन सेकंदांची शीळ बनते. उपग्रह उडण्यापूर्वीच, केवळ या शिळांच्या आधारे, पृथ्वीपासून हजारो किलोमीटर उंचीवरील प्रदेश अगदीच रिता नसून तेथे विद्युतभारित कण विखुरलेले आहेत, हे मनुष्याला कळून आले. आपल्या देशात गुलमर्ग, नैनीताल व वाराणसी येथे अशा शिळांची नोंद करण्यात आली आहे. २००७ पासून प्रयागराज, वाराणसी व नैनीताल येथे या तरंगांसाठी आधुनिक ग्राहक यंत्रेही बसवण्यात आली.

आता आपण आपल्या कोकणाकडे वळू. सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगडला लागूनच जामसंडे हे गाव आहे. तेथील जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर रात्री हे यंत्र घेऊन गेल्यास काय ऐकू येईल? प्रथम हे सांगितले पाहिजे, की येथे शिळांची अपेक्षा फारशी धरू नये. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते आणि जामसंडे त्यापासून फार दूर नाही. या प्रदेशात चुंबकीय बलरेषा जमिनीशी थोडाच कोन करतात व फार उंच चढत नाहीत. त्यामुळे तरंगांना अवकाशात नेणारी वाट येथे सहसा लाभत नाही. पण म्हणून निराश होण्याचे मुळीच कारण नाही. दोन प्रकारचे नाद येथे उत्तम ऐकू येतात. पहिला म्हणजे तापलेल्या तेलात मोहरी तडतडावी तसा 'तडतड, कट्कट्' असा आवाज. तो रात्रंदिवस चालू असतो. दुसरा मात्र सूर्यास्तानंतरच ऐकू येतो. ताणलेल्या तारेवर खडा मारला असता निघावा तसा 'टिऊं' असा तो लहानसा, उंच स्वरावरून घसरत येऊन खालच्या एका स्वरावर क्षणभर घुमणारा नाद असतो.

हा 'टिऊं' कसा निर्माण होतो, ते लक्षपूर्वक समजून घ्या. सूर्याच्या किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांतील वायूंचे कण विद्युतभारित होतात. त्या भागास आयनांबर असे म्हणतात. विजेच्या लांब तरंगांना आयनांबराचा तळ आरशासारखा भासतो. खाली जमीन व समुद्र ही फरशी आणि वर आयनांबर हे छत, अशा विशाल दालनातून हे तरंग खालीवर आपटत हजारो किलोमीटर दूर जातात. उच्च कंपनसंख्येचे तरंग जवळजवळ सरळ धावतात, म्हणून ते आधी पोहोचतात. नीच कंपनसंख्येचे तरंग फरशी व छत यांच्यामध्ये जवळजवळ उभ्या उड्या मारीत पुढे सरकतात, म्हणून त्यांना विलंब लागतो. शेवटी एक मर्यादा येते. फरशी व छत यांच्यामध्ये तरंगाची निदान अर्धी लांबी मावली पाहिजे. ती मावत नसेल, तर त्या तरंगाला अशा उड्या मारीत पुढे जाताच येत नाही. ज्या खालच्या स्वरावर 'टिऊं' घुमतो, तो स्वर म्हणजेच ही मर्यादा होय. दिवसा उन्हामुळे या छताखाली एक निराळा थर तयार होतो व तो या मर्यादेजवळचे तरंग शोषून टाकतो. म्हणून हा नाद रात्रीचाच.

यावरून एक विलक्षण गोष्ट साध्य होते. घुमणाऱ्या स्वराची कंपनसंख्या कळली, की आकाशाच्या छताची उंची काढता येते! रेडिओतरंगाचा वेग सेकंदाला ३,००,००० किलोमीटर. त्याला कंपनसंख्येने भागले की तरंगाची लांबी मिळते, आणि लांबीची निमपट म्हणजे छताची उंची. थोडक्यात, १,५०,००० या संख्येला कंपनसंख्येने भागावे. समजा, स्वर १,७०० हर्ट्झवर घुमला. १,५०,००० भागिले १,७०० बरोबर सुमारे ८८. म्हणजे त्या रात्री छत ८८ किलोमीटर उंचीवर होते. हा हिशेब तुमच्यापैकी कोणीही पाटीवर करू शकेल. परंतु त्याचे मोल फार मोठे आहे. विमाने साधारण १२ किलोमीटर उंचीवरून उडतात. मोठे फुगेही ५० किलोमीटरांच्या आसपास थांबतात. आणि उपग्रह इतक्या खाली उतरू लागले, तर हवेच्या घर्षणाने टिकत नाहीत. अग्निबाण या थरातून जातात, पण काही मिनिटांतच तो ओलांडतात. जेथे मनुष्याचे कोणतेही वाहन मुक्काम करू शकत नाही, तेथील वार्ता हे तरंग रोज रात्री आणून देतात. म्हणूनच जगभरातील संशोधकही त्या थराचा अभ्यास करण्यासाठी विजेच्या या तरंगांचा आधार घेतात.

आता यंत्राची रचना पाहू. त्याचे चार भाग आहेत. पहिला भाग एरियल. दीड-दोन मीटर लांबीची तांब्याची तार कोरड्या बांबूच्या काठीला उभी बांधली की एरियल तयार होते. तीस किलोमीटर लांबीच्या तरंगापुढे ही तार म्हणजे हत्तीपुढे मुंगीच! तिच्यात उत्पन्न होणारा विद्युतदाब अगदी क्षीण असतो आणि तिच्यातून विद्युतप्रवाह काढू गेल्यास तो दाबही नाहीसा होतो. खडकातून ठिबकणाऱ्या पाण्याची पातळी मोजायची असेल, तर ते पाणी उपसून चालत नाही. तसेच येथे समजावे. म्हणून दुसरा भाग असा घ्यावा लागतो, की जो एरियलकडून जवळजवळ काहीच न घेता केवळ दाबाची नक्कल पुढे पाठवील. हे काम क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टर करतो. त्याच्या प्रवेशाशी १ कोटी ओहमचा रोधक जोडतात. रोध इतका प्रचंड असल्यामुळे एरियलवरील दाब सहसा निसटून जात नाही.

तिसरा भाग गाळणीचा. पिठाच्या चाळणीतून जसा कोंडा वेगळा होतो, तशी नको असलेली कंपने येथे वेगळी केली जातात. १०,००० ओहमचा रोधक आणि ४७० पिकोफॅरडचे धारित्र यांची जोडी केली, तर सुमारे ३४,००० हर्ट्झच्या वरचे तरंग क्षीण होत जातात व नेहमीच्या रेडिओ केंद्रांची गर्दी दूर होते. चौथा भाग विवर्धकाचा. बाजारात 'एलएम ३८६' या नावाची लहानशी आयसी मिळते. ती सूक्ष्म कंपने मोठी करून इअरफोनला पुरवते. हे सर्व भाग छिद्रे असलेल्या पट्टीवर बसवून त्यांचे सांधे डाखाने पक्के करावेत आणि पट्टी पत्र्याच्या रिकाम्या डब्यात ठेवावी. पत्रा बाहेरील अडथळे अडवतो. विद्युतपुरवठ्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी पुरेशी आहे. घरातील विजेच्या जोडणीला हे यंत्र कधीही जोडू नये. जोडणीची आकृती विज्ञानाच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावी आणि डाख देताना वडीलधारे माणूस जवळ असावे. इअरफोन कानाला लावण्यापूर्वी आवाज अगदी लहान ठेवावा, कारण जवळच्या विजेचा कडाका एकाएकी मोठा येतो.

यंत्र घरात चालू केले, तर प्रथम भ्रमनिरास होईल. 'हूं...' असा एक अखंड घुमारा येईल आणि त्यात बाकी सर्व बुडून जाईल. हा घुमारा आपल्याच विजेच्या तारांचा होय. त्यांतील प्रवाह सेकंदाला ५० वेळा दिशेचे आवर्तन पूर्ण करतो, आणि ५०, १००, १५० अशा पटीतील स्वर तो सभोवार पसरवीत असतो. तो टाळण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे तारांपासून दूर जाणे. विजेच्या खांबांपासून काहीशे मीटर दूर गेले, की घुमारा ओसरतो आणि त्यामागे दडलेले आकाश बोलू लागते. आंब्याच्या कलमांच्या बागेत मात्र बसू नये. ओल्या पानांची व फांद्यांची दाटी एरियलपर्यंत विद्युत बल पोहोचू देत नाही. उघडा सडा सर्वांत उत्तम. एरवी यंत्राच्या डब्याला जोडलेला लोखंडी खुंट ओल्या जमिनीत पुरतात. सड्याच्या कातळात खुंट शिरत नाही. अशा वेळी ऐकणाऱ्याने डबा हातात घट्ट धरला, तर त्याचे शरीरच खुंटाचे काम बऱ्याच अंशी करते.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. हे यंत्र दूरची वीज ऐकण्यासाठी आहे. वीज डोळ्यांना दिसत असेल किंवा गडगडाट कानांवर पडत असेल, तर उघड्या सड्यावर उभी तार घेऊन थांबणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. तत्काळ पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान अर्धा तास बाहेर पडू नये. कोकणच्या सड्यांवर फुरशांसारखे विषारी सर्प असतात. म्हणून रात्री मोठ्या माणसांसोबतच, पायांत बूट घालून व हातात विजेरी घेऊन जावे.

नाजूक उपकरणाला शांतता किती आवश्यक असते, याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे घेतली जात होती. पुढे मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार असे ठरले. तिच्या प्रवाहामुळे चुंबकीय उपकरणे विचलित झाली असती. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या बांधकामात चुंबकत्वाचा लवलेश नसलेला पोरबंदरचा दगड वापरण्यात आला. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेऊन त्यांचा मेळ बसवण्यात आला, आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तोवर शास्त्रज्ञांनी आपली शांत जागा शोधून ठेवली होती. अलिबागची ही वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अधिपत्याखाली काम करते.

त्याच कुलाब्याच्या नोंदींची आणखी एक हकीकत ऐकण्यासारखी आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील उत्पातामुळे पृथ्वीवर एक प्रचंड चुंबकीय वादळ झाले. कुलाब्यातील निरीक्षकांनी त्या दिवशीही नित्याप्रमाणे आकडे लिहून ठेवले. २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनंतर, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्या आकड्यांवरून वादळाची तीव्रता मोजली. ज्यांनी ते आकडे लिहिले, त्यांना त्यांचा हा उपयोग स्वप्नातही दिसला नसेल. त्यांनी फक्त आपले काम प्रामाणिकपणे केले.

तुम्हीही यंत्र घेऊन बसाल तेव्हा एक वही जवळ ठेवा. दिनांक, वेळ, ठिकाण, आकाशाची स्थिती आणि पाच मिनिटांत ऐकू आलेल्या 'टिऊं' नादांची संख्या तीत लिहा. यंत्राचा आवाज मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित करता येतो, आणि ध्वनीचा आलेख काढून देणाऱ्या संगणकातील कार्यक्रमाने त्या मुद्रणातील घुमणाऱ्या स्वराची कंपनसंख्या वाचता येते. मग भागाकार करून छताची उंची लिहा. ज्या रात्री काहीही ऐकू आले नाही, त्या रात्रीची नोंदही टाळू नका. 'काही ऐकू आले नाही' हेही एक उत्तरच आहे. वैशाखातील वळवाच्या रात्री, पौषातील थंड रात्री आणि आश्विनातील परतीच्या पावसाच्या रात्री यांची वर्षभराने तुलना करा. कोणत्या महिन्यात आकाश अधिक बोलके असते, छत कोणत्या रात्री किती उंच होते, हे तुम्हाला तुमच्याच अक्षरांत वाचता येईल. आणि जामसंड्याच्या सड्यावरून त्या दूरच्या छताला हात लावल्याचा आनंद तुमचा स्वतःचा असेल.